नाटकात नसलेलं वाक्य

“बाकीचं सगळं म्हणतो. तेवढं एक वाक्य म्हणणार नाही, म्हणजे नाही,” म्हणत गायतानोने टेबलावर हात आपटला, तसे नुंझियाने सोललेले घेवड्याचे दाणे ताटातून उडून फरशीवर विखुरले.

नुंझिया दाणे वेचायला खाली वाकली. वाकल्या वाकल्याच तिने नवऱ्याला समजावलं, की ते वाक्य गेलं तर दुसरा अंकच गेला. बाप मुलीला घराबाहेर काढतो, म्हणून ती जाते. ती जाते, म्हणून तिसऱ्या अंकात परत येते. आणि ती परत येते तेव्हा बाप अंथरुणाला खिळलेला असतो, तिचा हात हातात घेऊन मरतो. मुलगी गेलीच नाही तर तू मरणार कशाला?

गायतानो जरा थबकला. मरण्याचा प्रवेश त्याला सोडवत नव्हता. चर्चच्या हॉलमधल्या नाटकात तो दर वर्षी मरायचा आणि टेकडीवरच्या बायका दर वर्षी रडायच्या. मागच्या खेपेला खाटकाच्या बायकोला तर बाहेर नेऊन पाणी पाजावं लागलं होतं.

“मग नाटक लिहिणाऱ्या त्या दोत्तोरेला सांग, दुसरं वाक्य लिही म्हणावं,” तो म्हणाला. “जगात शब्द काय कमी पडलेत?”

“पाठ करायला एवढं अवघड काय आहे त्यात?” खिडकीशी मोजे रफू करत बसलेली त्याची थोरली बहीण पास्क्वालीना मान वर न करता म्हणाली. “ह्याच खोलीत म्हणाला होतास की. तेव्हा नाही कुणी प्रॉम्प्टिंग करायला लागलं.”

तळघरात आंबायला घातलेल्या द्राक्षांचा वास जिन्यावरून वर येत होता. गायतानोने टोपी उचलली, पिंपं बघून येतो असं पुटपुटला आणि खाली गेला. पिंपं त्याने तासाभरापूर्वीच बघितली होती.

ते वाक्य गेल्या उन्हाळ्यातलं. एल्विरा, त्यांची एकुलती एक मुलगी, शहरात टेलिफोन एक्स्चेंजवर कामाला होती. एका संध्याकाळी जेवणं चाललेली असताना तिने सांगितलं, की नदीपलीकडे कामावरच्या एका मैत्रिणीबरोबर तिने खोली घेतली आहे आणि महिनाअखेर ती तिकडे राहायला जाणार आहे. लग्न ठरलं नव्हतं. मठात जायचं नव्हतं. घरात मारहाण, दारू, काही नव्हतं. नुसती एक खिडकी असलेली खोली तिला हवी होती. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या ह्या इटालियन टेकडीवर मुली बापाच्या घरातून बाहेर पडायच्या त्या पांढऱ्या पोशाखात, पुढे बँड वाजत असताना. हातात पेटी घेऊन, आठवड्याच्या मधल्याच दिवशी, पायी कुणी गेलेलं नव्हतं.

गायतानो गिलाव्याचा कारागीर. टेकडीवरची निम्मी छतं त्याच्या हातची. रागात त्याला शब्द सुचले तेही धंद्यातलेच. तो म्हणाला, “हा उंबरा ओलांडलास तर परत येशील तेव्हा इथे दार नसेल. लिंपून टाकीन. नुसती भिंत दिसेल तुला.” उन्हाळ्याचे दिवस, गल्लीतल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या. समोरच्या औषधांच्या दुकानापर्यंत स्वच्छ ऐकू गेलं.

त्या दुकानाचे मालक बाल्दी, ज्यांना सगळी टेकडी दोत्तोरे, म्हणजे डॉक्टर, म्हणायची, दर वर्षी चर्चसाठी नाटक लिहायचे. यंदाचं नाटक होतं आपल्याच लोकांचं. बोटीने आलेलं एक कुटुंब, राबणारा बाप, मुकाट आई, आणि इथे जन्मलेली, बाहेर पडू बघणारी मुलगी. दुसऱ्या अंकाच्या शेवटी बाप म्हणतो, ‘हा उंबरा तू ओलांडलास, तर परतून येशील तेव्हा या ठिकाणी द्वार नसेल, केवळ भिंत असेल.’ दोत्तोरे शपथेवर सांगत होते, की वाक्य त्यांना दाढी करताना सुचलं. नुंझियाचा त्यांच्यावर विश्वास होता. कानावर पडलेलं वर्षभर मुरलं, की माणसाला ते आपलंच वाटायला लागतं. माणूस दुष्ट नव्हता. तिच्यावर तर त्यांचे उपकारच होते.

नुंझिया डोंगरातल्या गावातून लग्न होऊन इथे आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. पहिला हिवाळा ती पास्क्वालीनाखेरीज कुणाशी बोलली नाही, आणि पास्क्वालीनाशी बोलताना समोरच्याला उत्तर द्यावंच लागत नसे. कोटांच्या कारखान्यात दिवसभर गुंड्यांची काजं करायची, घरी यायचं, चूल पेटवायची. अशात चर्चच्या नाटकमंडळीतला म्हातारा प्रॉम्प्टर ठार बहिरा झाला. तो इतक्या मोठ्याने वाक्य द्यायचा, की पुढच्या रांगांना सगळं नाटक दोनदा ऐकायला मिळे. दोत्तोरेंना वाचता येणारं आणि हळू बोलणारं माणूस हवं होतं. नुंझिया गावी पाद्रीबाबांच्या बहिणीकडे वाचायला शिकली होती. दोत्तोरे टोपी हातात घेऊन घरी आले आणि आपल्या बायकोला खोक्यात बसू द्याल का, असं त्यांनी गायतानोला विचारलं.

खोकं म्हणजे रंगमंचाच्या पुढच्या कडेला मधोमध कापलेली चौकोनी खाच, तिच्यावर प्रेक्षकांच्या बाजूने लाकडी झाकण. आत बुटकं स्टूल, एक दिवा आणि संहिता ठेवायला फळी. पाठ प्रेक्षकांकडे, तोंड नटांकडे, आणि डोळ्यांसमोर फक्त बूट. गुडघ्यांच्या वरचं जग बघायचं तर मान मोडायची. पण त्या खाचेतून नुंझियाला टेकडी भेटली. गवंडी, न्हावी, पाववाला, शिंपिणी, सगळ्यांचे शब्द आधी तिच्या ओठांतून जायचे. अडलेल्या माणसाला वेळेवर शब्द मिळाला की तो जन्मभर विसरत नाही. कुणी तिला अंडी आणून दिली, कुणी अंजिरं, कुणी बारशाचे साखरेत घोळलेले बदाम. एल्विराच्या वेळी ती बाळंतीण झाली आणि कारखान्यात परत जायची वेळ आली, तेव्हा मूल सांभाळायला पास्क्वालीना होती. जीभ चालवत, पण पोरीला कडेवरून खाली न ठेवता. रात्री चूल पुसताना नुंझिया मनातल्या मनात ज्यांचे ज्यांचे आभार मानायची त्यांत नणंद असायची, दोत्तोरे असायचे, आणि ते खोकं तर कायमचं असायचं.

तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक गायतानो. आवाज रस्त्यापर्यंत जाणारा, आणि स्मरणशक्ती नावाला नाही. त्याने कधी काही पाठ केलं नाही. नुंझियाने अर्धं वाक्य पुढे सोडायचं, त्याने उचलायचं. वर्षानुवर्षांच्या सवयीने असं झालं होतं, की खोक्यातून काय येतंय त्याचा अर्थ त्याच्या डोक्यापर्यंत जातच नसे. कानात पडलं की तोंडातून बाहेर. ही सवय घरीही आली. कुणाच्या मयताला, पाद्रीबाबांसमोर, सोयरिकीच्या बैठकीत तो तिच्याकडे बघायचा. तिने नुसते ओठ हलवायचे आणि त्याने गंभीर आवाजात बोलायचं. कारखान्यातल्या बायकांना ती सांगायची, माझा नवरा माझ्याशी फार बोलत नाही, माझंच बोलतो.

भिंतीचं ते वाक्य मात्र त्याने स्वतःच्या मनाने म्हटलेलं एकमेव वाक्य असावं.

एल्विरा दर गुरुवारी दुपारी कारखान्याच्या फाटकाशी आईला भेटायची. दोघी बाकावर बसून पाव आणि परतलेल्या मिरच्या खायच्या. नाटकाच्या आधीच्या गुरुवारी तिने पाव हातातच धरून ठेवला. शिकागोच्या एक्स्चेंजला मुली हव्या होत्या. तिला विचारलं होतं, सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

“रविवारी मी नाटकाला येईन, मा,” ती म्हणाली. “शेवटच्या रांगेत बसेन. पण पापाने ते वाक्य सगळ्या टेकडीसमोर पुन्हा म्हटलं, तर मी सोमवारी हो म्हणून टाकणार.”

नुंझियाने घरी येऊन नवऱ्याला हे सांगितलं नाही. माणूस तिला ठाऊक होता. सांगितलं असतं, तर आपण पोरीच्या धाकाने नमलो असं कुणाला वाटू नये म्हणून त्याने ते वाक्य दुप्पट आवाजात म्हटलं असतं. दोत्तोरेंना सांगायचीही सोय नव्हती. त्यांनी ते पुढच्या नाटकात घातलं असतं.

आणि शनिवारी दोत्तोरे स्वतःच घरी आले. गेल्या वर्षीची वाइन प्यायले, तिची तारीफ केली, मग गायतानोच्या मरण्याची तारीफ केली. असं मरणारा नट बॉस्टनमध्येसुद्धा नाही, म्हणाले. दुसऱ्या ग्लासानंतर गायतानोने मान खाली घालून कबूल केलं, की म्हणेन. निघताना दोत्तोरेंनी नुंझियाला दारात थांबवलं. तो तिथे अडणार हे मला माहीत आहे, म्हणाले, तेव्हा तेवढं वाक्य जरा जोरात द्या. नुंझियाने हो म्हटलं. त्यांना नाही म्हणायची तिला सवय नव्हती. त्या दिवशी तिने भांडी दोनदा घासली.

रविवारी दुपारी नाटकाच्या आधी एक बारीकशी अडचण निघाली. मुलीचं काम करणारी टीना, दोत्तोरेंची भाची, उंच टाचांचे नवे कोरे बूट घालून आली. गरीब घरची मुलगी असले बूट घालेल का, म्हणून दोत्तोरे तिच्यावर चिडले. नुंझिया घर जवळ म्हणून धावत गेली आणि पलंगाखालचे एल्विराचे जुने तपकिरी बूट घेऊन आली. टीनाला ते सैल झाले. पुढे कागद कोंबून तिने ते घातले.

पहिला अंक नीट पार पडला. दुसऱ्यात हळूहळू ताण चढत गेला. टेबलावर सूप होतं, खरं आणि गरम, कारण वाफ शेवटच्या रांगेपर्यंत दिसली पाहिजे असा दोत्तोरेंचा आग्रह; सूप पास्क्वालीनाने केलेलं. बाप विचारतो, उशीर का झाला. आई मध्ये पडते, ताटं मांडते, विषय बदलते. मुलगी बसत नाही. बाप पुन्हा विचारतो. मुलगी सांगते, मी खोली घेतली आहे. आईचं काम करणाऱ्या बाईने पदराशी चाळा केल्यासारखा एप्रन चुरगळला. गायतानो खुर्ची मागे सारून उभा राहिला.

हॉलमध्ये खोकणंसुद्धा थांबलं. पुढे काय येणार हे सगळ्यांना माहीत होतं. नाटक कुणी बघितलं नव्हतं, वाक्य ऐकलेलं होतं. नुंझियाला मागचं काही दिसत नव्हतं, पण खुर्च्या करकरल्या ते तिने ऐकलं. माना मागे वळत होत्या, शेवटच्या रांगेकडे. म्हणजे एल्विरा आली होती.

गायतानोने बोट वर केलं, तोंड उघडलं आणि अडला. त्याने खोक्याकडे बघितलं.

नुंझियाचं बोट ओळीखाली होतं. ‘हा उंबरा तू ओलांडलास’ एवढं तिने ओठांवर आणलंही. तेवढ्यात समोरून पावलं गेली. तपकिरी बूट दाराच्या दिशेने निघाले आणि ऐन तिच्या नाकासमोर थांबले. डाव्या टाचेला नव्या चामड्याचा तुकडा होता, तो तिनेच चांभाराकडून ठोकून आणला होता. उजवी नाडी काळी. तपकिरी मिळाली नव्हती म्हणून. हे बूट ह्याच वेळेला, ह्याच दमलेल्या चालीने किती वर्षं तिच्या स्वयंपाकघरात आले होते. आणि ते आले, की ती चुलीकडून मान न वळवता जे म्हणायची तेच तिच्या तोंडून गेलं. नाटकातल्या पुस्तकी भाषेत नव्हे, घरच्या, डोंगरातल्या बोलीत.

“बस गं बये. दोन घास खा आधी. बोलणं कुठं पळून जात नाही.”

गायतानोने ते उचललं. खोक्यातून आलेलं त्याने आजवर कधी परत पाठवलं नव्हतं. उगारलेल्या बोटासकट, भरदार आवाजात, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ऐकू जाईल असं तो म्हणाला, “बस गं बये. दोन घास खा आधी. बोलणं कुठं पळून जात नाही.”

आणि मग आपण काय म्हणालो ते त्याच्या लक्षात आलं. बोट हवेतच राहिलं.

टीना बिचारी भांबावली. पण इटालियन घरातली पोर. बापाच्या वयाचा माणूस खा म्हणाला की बसायचं, एवढं वळण तिला होतं. तिने खुर्ची ओढली, चमचा उचलला आणि सूप प्यायला लागली. सकाळपासून धास्तीने तिने काही खाल्लं नव्हतं, त्यामुळे ती मनापासून प्यायली. आधी मागे कुणीतरी हसलं. मग सगळा हॉल हसला. मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. नेहमी गायतानोच्या मरणाला रडणारी खाटकाची बायको यंदा एक अंक आधीच रडली. विंगेत दोत्तोरे दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभे होते.

तिसरा अंक तसाच करावा लागला. टीना ठरल्याप्रमाणे पेटी घेऊन परत आली, तेव्हा ही गेली कधी, असं कुणीतरी मोठ्याने विचारलं. गायतानो मात्र मरायचा राहिला नाही. कारण नसताना, पण नेहमीसारखाच सुंदर मेला.

घरी परतताना तो सगळ्यांच्या पुढे झपाझप चालत होता.

“पोरगी जेवायला बसली आणि बाप मेला,” मागून पास्क्वालीना म्हणत होती. “सूप माझ्या हातचं. लोक आता काय म्हणतील मला?”

“ते वाक्य मी म्हटलेलं नाही,” गायतानो वळून म्हणाला. “खोक्यातून आलं.”

“खोक्यातूनच आलं,” नुंझिया म्हणाली. “बूट बघितले आणि तोंडातून गेलं.”

कोणाचे बूट, हे त्यालाही माहीत होतं. कोपऱ्यापर्यंत तो हळू चालला, बायको बरोबरीला येईपर्यंत.

नाटकाच्या दिवशी रविवारचं मोठं जेवण संध्याकाळी व्हायचं. सकाळपासून मंद शिजत ठेवलेला मटणगोळ्यांचा रस्सा नुंझियाने पुन्हा गरम केला, माकारोनी उकळायला टाकली. पास्क्वालीनाने तीन ताटं मांडली. गायतानो वाइनचा जग घेऊन तळघरातून वर आला, तेव्हा दारावर टकटक झाली. दार नुसतं लोटलेलं होतं. एल्विराने ते उघडलं, पण ती आत आली नाही. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले बूट होते.

“टीनाने दिले,” ती म्हणाली. “तिला मोठे होतात.”

कुणी बूट घ्यायला पुढे झालं नाही. मग ती बापाकडे बघून म्हणाली, “पापा, शिकागोला जागा आहे. मला विचारलंय. उद्या सकाळी उत्तर द्यायचंय.”

गायतानोने जग खाली ठेवला आणि नुंझियाकडे बघितलं. ती नजर तिच्या ओळखीची होती. वाक्य तिच्याकडे तयार होतं. एक नाही, त्यामागची दोनही तयार होती. नुसते ओठ हलवायचे होते. ती वळली, माकारोनीचं पातेलं उचललं आणि मोरीत चाळणीवर ओतलं. वाफेचा लोट उठला. त्या वाफेचेसुद्धा तिला आभार मानावेसे वाटले; तोंड लपवायला जागा झाली. तिने ओठ घट्ट मिटून धरले आणि चाळणी हलवत राहिली, पाणी केव्हाच निथळलं होतं तरी.

मागे पास्क्वालीनाने मांडलेले चमचे पुन्हा सारखे केल्याचा आवाज आला.

मग पावलं वाजली. गायतानो दाराशी गेला होता. चौकटीच्या बाजूच्या गिलाव्यावरून त्याने तळहात फिरवला, एखादी भेग आली आहे का बघावं तसा. तो बोलला तेव्हा आवाज रंगमंचावरचा नव्हता. खरखरीत होता, आणि शब्द एकेक करून येत होते.

“पोरीची खोली नदीपलीकडं राहील. रविवारी ती इथं जेवेल. दर रविवारी. शिकागोहून दर रविवारी येता येत नाही, तेवढं तिचं तिनं बघावं.”

पास्क्वालीनाने तोंड उघडलं.

“ह्यावर चर्चा नाही,” तो म्हणाला. “पास्क्वा, चौथं ताट काढ.”